नाण्यावरची खूण: टाकसाळीतली की नंतरची?

प्रश्न थोडक्यात असा: खिशातली चिल्लर चाळताना दोन नाणी वेगळी वाटली. एकावर साल दुहेरी उमटलंय, दुसऱ्यावर काठापासून अक्षरापर्यंत केसासारखी रेघ गेलीय. या टाकसाळीच्या चुका आहेत का, आणि हे घरच्या घरी कसं ठरवायचं?

रेघेचं आधी बघू, कारण तिचा निकाल एका मिनिटात लागतो. नाणं दिव्याखाली तिरकं धरा आणि रेघ वर उठलेली आहे की आत गेलेली, एवढंच तपासा. उठलेली असेल तर जवळजवळ नक्की टाकसाळीतली, खोल असेल तर बहुतेक वेळा ओरखडा. टाकसाळीबाहेर पडलेल्या नाण्यावर धातू वाढत नाही. तो झिजतो, सरकतो, खणला जातो, पण नवा येत नाही.

यात डोळा मात्र फसतो. भिंगातून बघताना उठाव खळग्यासारखा आणि खळगा उठावासारखा दिसू शकतो. उपाय सोपा आहे. नाण्यावरची अक्षरं उठावाची आहेत हे आपल्याला माहीत असतंच, तर त्यांची सावली कुठल्या बाजूला पडते ते बघा. रेघेची सावली त्याच बाजूला पडत असेल तर रेघ उठावाची, उलट बाजूला पडत असेल तर खोल. दिवा न हलवता नाणं अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा. दोन्ही वेळा उत्तर सारखंच आलं पाहिजे.

हे का चालतं ते कळायला नाणं कसं बनतं ते चार वाक्यांत माहीत हवं. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या छेदून काढतात, भट्टीत तापवून मऊ करतात, मग एका यंत्रात दाबून त्यांचा काठ उचलून घेतात. नंतर चकती प्रेसमध्ये दोन डायांच्या, म्हणजे नक्षी उलटी कोरलेल्या पोलादी ठशांच्या, मध्ये येते आणि भोवती एक पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. दाब बसला की धातू डायच्या खळग्यांत शिरतो आणि बाजूला पसरून कॉलरला भिडतो. कडेवरचे दाते कॉलरमधूनच येतात. आधुनिक प्रेस मिनिटाला ७५० पर्यंत नाणी पाडते, त्यामुळे एखादी डाय तडकली तरी ते लक्षात येईपर्यंत बरीच नाणी बाहेर गेलेली असतात.

आता त्या रेघेकडे परत. डाय तडकली की तडा म्हणजे एक बारीक खाच, तिच्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उठावाची रेघ येते. हाच डाय क्रॅक. ती सहसा थोडी वेडीवाकडी असते, अक्षरांच्या टोकांवरून किंवा काठाकडे जाते आणि अक्षराच्या अंगावरूनही सलग चढते. अगदी सरळ, एकमेकींना समांतर, बारीक उठावाच्या रेघांचा झुपका असेल तर तो तडा नव्हे, डाय घासून साफ करताना राहिलेल्या रेघा आहेत. त्यांना महत्त्व देऊ नका. डायचा बारीक टवका उडाला की नाण्यावर ठिपका येतो. अक्षरांच्या बंद पोटात हे फार होतं, कारण डायमध्ये त्या जागी चारी बाजूंनी सुटा, नाजूक खांब उभा असतो आणि तोच आधी तुटतो. आणि काठालगतचा मोठा तुकडाच निघून गेला तर तिथे नक्षी नसलेला गुळगुळीत उंचवटा येतो. संग्राहक त्याला इंग्रजीत ‘कड’ (cud) म्हणतात, मराठीतली कड म्हणजे काठ तो हा नव्हे. खराखुरा कड ओळखायचा तर मागची बाजू बघा. ज्या जागी पुढे कड आहे, बरोबर तिच्यामागची नक्षी मऊ, अर्धवट असते, कारण समोर दाब देणारी डायच नव्हती. मागची नक्षी ठसठशीत असेल तर तो उंचवटा चिकटवलेला किंवा डागलेला धातू असण्याची शंका घ्या.

दुहेरी अक्षरांवर मात्र थांबायला हवं. या छंदात सर्वांत जास्त फसगत इथेच होते, आणि विकायला मांडलेल्या ‘डबल डाय’ नाण्यांत खरी फार थोडी असतात. दुहेरीपणा तीन वेगवेगळ्या कारणांनी येतो.

पहिलं कारण डाय बनतानाचं. डायवर नक्षी उमटवायला हब नावाचा उठावाचा मूळ ठसा दाबतात. जुन्या पद्धतीत तो दोन-तीनदा दाबावा लागे आणि मधल्या वेळात जरा जरी फिरला तर डायवरच दुहेरी नक्षी कोरली जाई. मग त्या डायचं प्रत्येक नाणं तसंच निघे. अमेरिकेचा १९५५चा एक सेंट याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच्यावरचं साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांना दोन-दोन दिसतात. अशा खऱ्या डबल डायमध्ये दुसरं अक्षरही पहिल्यासारखंच भरीव आणि गोलसर पाठीचं असतं. अक्षराच्या टोकांना जिथे बारीक फाटे असतात, तिथे दोन फाट्यांमध्ये लहानशी खाच दिसते. अक्षर एकूण नेहमीपेक्षा जाड असतं.

दुसरं कारण प्रेसमधलं. डाय सैल बसलेली असली की दाब दिल्यावर ती किंचित सरकते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कूस घासून खाली दाबते. याला मशीन डबलिंग म्हणतात. इथे दुसरं अक्षर नसतंच, असते ती अक्षराच्या पायाशी एक सपाट, चकचकीत पायरी. ओळखायची युक्ती एकच: शंकेचं नाणं आणि त्याच सालाचं साधं नाणं शेजारी ठेवून अक्षराच्या माथ्याची रुंदी बघा. मशीन डबलिंगमध्ये मूळ अक्षर बारीक झालेलं असतं, कारण पायरी त्याच्याच धातूतून निघालेली असते. डबल डायमध्ये ते जाड झालेलं असतं. बहुतेकदा ही पायरी एकाच दिशेला, सालावर आणि टाकसाळीच्या चिन्हावर ठळक असते. हे फार सर्रास होतं आणि संग्राहक याला किंमत देत नाहीत.

तिसरं कारण म्हणजे म्हातारी डाय. लाखो दाब सोसून डायच्या खळग्यांचे काठ झिजतात आणि अक्षरांभोवती सुजल्यासारखी धूसर झालर येते. काठाजवळच्या अक्षरांवर ती जास्त असते, पृष्ठभागही संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो आणि केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या रेषा जाणवतात. गंमत म्हणजे १९५५च्याच सेंटवर अशा झिजेने शेवटचा ५ दुहेरी झालेली नाणीही मिळतात. त्यांना ‘गरिबाची डबल डाय’ असं नाव पडलंय. नाव छान आहे, पण ती डबल डाय नाही.

नव्या नाण्यांसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अमेरिकेच्या टाकसाळीत १९९०च्या दशकाच्या अखेरीस एकाच दाबात डाय बनवायची पद्धत आली. अशा पद्धतीत दुहेरीपणा आला तर बहुतेक नक्षीच्या मध्यभागी आणि लहानसा येतो. म्हणून तिथल्या अलीकडच्या नाण्यावर काठालगतचं साल किंवा अक्षरं ठळक दुहेरी दिसली, तर आधी मशीन डबलिंगचा संशय घ्यायचा.

तांबं चढवलेल्या जस्ताच्या नाण्यांवर चौथा एक फसवा प्रकार असतो. दाबाखाली वरचा पातळ थर ताणून अक्षराच्या कुशीला फाटतो आणि आतलं करडं जस्त रेघेसारखं डोकावतं. अक्षराला राखाडी सावली असल्याचा भास होतो. भिंगाखाली रंग बघितला की कळतं. त्याच नाण्यांवर फोडही येतात, थराखाली अडकलेल्या हवेमुळे. त्या फोडांना बारकी चूक म्हणा हवं तर, पण ठेवून देण्यासारखं त्यात काही नाही.

अक्षर अर्धवट किंवा गायब असेल तर? बहुतेक वेळा डायच्या खळग्यात वंगण आणि धातूची भुकटी साचून घट्ट बसलेली असते. तिथे धातू शिरत नाही, म्हणून अक्षर उमटत नाही. अशी जागा आजूबाजूच्या पृष्ठभागाइतकीच असते, तिथे खणल्याची खूण नसते आणि अक्षर हळूहळू फिकट होत जातं. कोणी घासून अक्षर काढलं असेल तर त्या जागेची चमक वेगळी दिसते, दिवा तिरका केला की बारीक समांतर ओरखडे उठून दिसतात आणि पृष्ठभाग किंचित खाली गेलेला असतो. प्रेसमध्ये चकतीवर दोरा, कापडाचा धागा किंवा तारेचा तुकडा पडला तर त्याचा खोल ठसा उमटतो. खोल असूनही टाकसाळीतली असलेली ही मोजक्या खुणांपैकी एक. धाग्याची वीण दिसत असेल आणि ठशाच्या काठावर धातूची कड उभी राहिलेली नसेल तरच ती गृहीत धरा. ओरखड्याला मात्र अशी कड असते, जमिनीत नांगर फिरल्यावर बाजूला ढेकळं पडतात तशी.

काही नाण्यांवर पाठीमागच्या बाजूच्या नक्षीची धूसर, आरशातल्यासारखी उलटी रूपरेषा दिसते. चकती मध्ये न येता दोन डाया एकमेकींवर आपटल्या की एकीची खूण दुसरीवर राहते आणि पुढच्या नाण्यांवर येत राहते. हे तपासायला नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, एक आडवा उलटा करा आणि दुसऱ्यावर अर्धपारदर्शक ठेवा. रूपरेषा नेमकी जुळली पाहिजे. न जुळणारी, खोल गेलेली, उलटी अक्षरं असतील तर दोन नाणी शिकंज्यात धरून आवळलेली आहेत. तसं केलं की नाण्याचे उंच भागही चेपलेले दिसतात.

कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं म्हणजे क्लिप. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही आणि छेदणी आधीच्या भोकावर पडली, की चकतीला कोर कमी येते. पट्टीच्या टोकाला छेद पडला तर कापलेली बाजू सरळ येते. बनावट क्लिप करणं अगदी सोपं आहे, कानस पुरते. त्यामुळे दोन गोष्टी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका. पहिली म्हणजे क्लिपच्या बरोबर समोरचा काठ. काठ उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी एकाच वेळी दाबली जाते. एका बाजूला कापलेला भाग आला की समोरच्या बाजूला दाबायला आधार राहत नाही, म्हणून तिथला काठ बोथट, पुसट राहतो. याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. तो प्रत्येक खऱ्या क्लिपवर दिसेलच असं नाही, पण दिसला तर मोठा पुरावा. दुसरी म्हणजे क्लिपलगतची अक्षरं. चकती आधीच कापलेली असल्यामुळे दाबाखाली धातू मोकळ्या बाजूकडे वाहतो आणि अक्षरं तिकडे ताणलेली, फिकट होत गेलेली दिसतात. अक्षर सुरीने कापल्यासारखं अर्ध्यात थांबत असेल, तर नाणं पाडून झाल्यावर कापलंय.

एक डाय दुसरीच्या तुलनेत फिरलेली असेल तर ते फिरणं घरी मोजता येतं. मात्र आधी तुमच्या नाण्याची मूळ मांडणी काय आहे ते माहीत हवं. अमेरिकेच्या नाण्यांत मागची बाजू पुढच्याच्या तुलनेत उलटी असते, म्हणजे नाणं वरून खाली पालटलं की नक्षी सरळ दिसते. युरो, ब्रिटन आणि भारताच्या आजच्या नाण्यांत ते डावीकडून उजवीकडे पालटल्यावर सरळ दिसतं. ही माहिती नसली की अगदी निर्दोष नाणंही ‘१८० अंश फिरलेलं’ वाटतं, आणि असं दर आठवड्याला कोणाला तरी वाटत असतं. मोजण्यासाठी नाणं १२ आणि ६ वाजताच्या जागी (अमेरिकेचं असेल तर ३ आणि ९ वाजताच्या जागी) दोन बोटांत धरून योग्य दिशेने पालटा आणि मागची नक्षी घड्याळाच्या काट्यासारखी वाचा. एक तास म्हणजे ३० अंश, एक मिनिट म्हणजे ६. चार-पाच अंशांचा फरक नेहमीचाच. ९०च्या पुढे असेल तर नाणं बाजूला काढा.

नक्षी एका बाजूला सरकलेली असेल तर ताबडतोब नाणं उलटून बघा. दोन्ही बाजूंना सारखीच सरकली असेल तर चकती नीट बसली नव्हती. एकाच बाजूला सरकली असेल तर फक्त ती डाय जागेवरून सरकलेली होती आणि हा प्रकार फार सामान्य आहे. कडेवर अर्ध्या उंचीवर पायरी असेल तर कॉलर पूर्ण वर आलेली नव्हती. कॉलर अजिबात नसेल तर नाणं पसरतं, व्यास वाढतो, दाते नसतात, पण वजन तेवढंच राहतं. चामड्यात गुंडाळून हातोड्याने ठोकलेलं नाणंही असंच रुंद होतं. फरक अक्षरांत दिसतो, ठोकलेल्यात ती फुगून सपाट होतात.

इथे वजनकाटा कामाला येतो. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या आणि दर वेळी प्रमाण वजन ठेवून तपासा. व्यास मोजायला व्हर्नियर प्लास्टिकचा, म्हणजे नाण्याला ओरखडा येणार नाही. भिंग दोन लागतात, चाळायला ५ पट, खात्री करायला १० पट. त्याहून मोठं भिंग नवख्याला नुकसानच करतं, कारण प्रत्येक नाण्यावर दरी-डोंगर दिसू लागतात.

पण वजन किंवा लोहचुंबकाचा निकाल वेगळा आला म्हणून लगेच चूक समजू नका. आधी टाकसाळीने धातू कधी बदलला ते बघा. अमेरिकेच्या एक सेंटचं वजन ३.११ ग्रॅम होतं, १९८२ मध्ये ते २.५ ग्रॅमवर आलं आणि त्या एका वर्षात दोन्ही प्रकार अधिकृतपणे निघाले. ब्रिटनचे १ आणि २ पेन्स १९९२ पासून तांबं चढवलेल्या पोलादाचे, म्हणजे चुंबकाला चिकटणारे आहेत. तरी १९९८ मधले काही २ पेन्स ब्राँझचेच निघाले. या चुका नाहीत. खरी चूक म्हणजे १९४३चा तांब्याचा अमेरिकन सेंट. त्या वर्षी सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचे होते, वजन २.७ ग्रॅम, पण जुन्या चकत्यांवर काही पडले. तो चुंबकाला चिकटला तर पोलादी नाण्यावर तांब्याचा मुलामा आहे. चिकटला नाही आणि वजन ३.११ ग्रॅम भरलं, तरी सालातला ३ नीट बघा, १९४८चा ८ तासून ३ करणारे कमी नाहीत.

दोन धातूंच्या नाण्यांत एक साधा तर्क पुरतो. गाभा आणि कडं एकाच दाबात एकत्र बसतात आणि त्याच दाबात नक्षीही उमटते. म्हणून गाभ्यावरची नक्षी कड्यावरच्या नक्षीच्या तुलनेत फिरलेली असूच शकत नाही. तशी दिसली तर गाभा कोणीतरी काढून परत बसवलाय. खऱ्या चुकीत गाभा एका बाजूला सरकून त्याचा धातू कड्यावर सांडलेला असतो आणि नक्षी त्या सांडलेल्या भागावरूनही सलग जाते. दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं मिळालं तर काठाच्या आतल्या अंगाला केसाएवढ्या बारीक सांध्याचा शोध घ्या. एक नाणं पोखरून त्यात दुसरं तासून बसवलेलं असतं.

दोन चुकीच्या डायांची जोडी लागणं वेगळं. २००८ मध्ये ब्रिटनच्या २० पेन्सच्या नव्या रचनेत साल मागून पुढे नेलं. नवी मागची बाजू जुन्या पुढच्या बाजूशी जोडली गेली आणि काही नाणी साल नसलेलीच निघाली. अशा चुकीत पृष्ठभाग अगदी निर्दोष असतो, भिंग उपयोगी पडत नाही, नाणं वाचावं लागतं.

नुकसान झालेल्या नाण्यांचे आणखी काही नेहमीचे चेहरे: कपडे वाळवायच्या यंत्राच्या फटीत अडकून फिरलेल्या नाण्याचा काठ आत वळून जाड होतो आणि काठालगतची अक्षरं पुसली जातात. नाण्यांच्या गुंडाळ्या बांधणाऱ्या यंत्राने एका बाजूवर गोल वलयाचा ओरखडा पडतो. आम्लात बुडालेलं नाणं सगळीकडून सारखंच पातळ, हलकं आणि दाणेदार होतं.

शंका राहिली तर नाणं पुसू नका, उजळू तर मुळीच नका. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, न घासता टिपून घ्या. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, त्यातून निघणारा हिरवट चिकट थर धातू खातो. मायलरचं (पारदर्शक पॉलिएस्टरचं) पाकीट किंवा पुठ्ठ्याची चौकट वापरा आणि त्यावर मूल्य, साल, टाकसाळीचं चिन्ह, वजन आणि खुणेची जागा घड्याळाप्रमाणे लिहा: ‘पुढची बाजू, ४ वाजता, काठापासून अक्षरापर्यंत रेघ’.

हे टिपण पुढे फार उपयोगी पडतं. त्याच सालाच्या दुसऱ्या नाण्यावर बरोबर ४ वाजता तीच रेघ सापडली, तर ती डायवरचीच होती हे सिद्ध झालं. दुसऱ्यावर ती थोडी लांब असेल तर ते नाणं तुमच्या पहिल्यानंतर पडलंय. आणि तिसऱ्यावर त्याच जागी काठाचा गुळगुळीत उंचवटा असेल, तर तिथे डायचा तुकडा अखेर निघाला.